मधला टाळ

दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात राहून मी डान्सहॉल गाते, म्हणजे रेगेच्या घराण्यातली नाचायची गाणी. एका पत्रकाराला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो इतका हसला की बशीतला चहा त्याच्या पँटवर सांडला. हसून झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "मग तुम्ही ओढता का?" रेगे गाणारं माणूस धुरातच बसलेलं असणार, अशी लोकांची पक्की समजूत आहे. मी सुपारीसुद्धा खात नाही. दात दुखतात.

मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीतल्या साहेबांना माझा आवाज फार आवडला होता, फक्त डोकं आवडलं नव्हतं. खोट्या जटा लावा, वर लाल-पिवळी-हिरवी टोपी घाला, मग बघा कशा चालता, असं म्हणाले. आमच्याकडे बाईच्या केसांत जट निघाली तर घरात रडारड होते, आणि हा गृहस्थ मला ती विकत आणून लावायला सांगत होता. मी म्हटलं, साहेब, माझ्या डोक्याला खोबरेल तेल असतं, तुमच्या जटा तिथे टिकायच्या नाहीत. काम गेलं. गेलं तर गेलं.

पण हे तू शिकलीस कुठे, असं यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं म्हणा. कारण खरं असं आहे की माझं शिक्षण ज्या दिवशी सुरू झालं, त्या दिवशी आईने भर मांडवात माझ्या हातातून टाळ काढून घेतला होता.

आमचं घर नाचणगावचं. आई तिथल्या महिला भजन मंडळाची म्होरकी. दर गुरुवारी दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात आठ-दहा बायका जमायच्या. एक पेटी, एक ढोलक, एक खंजेरी आणि कापडी पिशवीत टाळांचे जोड. आई ओळ टाकायची आणि बाकीच्या ती उचलून धरायच्या. त्याला झील धरणं म्हणतात. मंडळाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: धरलेलं भजन अर्ध्यावर सोडायचं नाही. वीज जावो, पेटीची पट्टी अडको, कोणाच्या घरून बोलावणं येवो, शेवटचा गजर झाल्याशिवाय टाळ खाली ठेवायचा नाही. एकदा भजन सुरू असताना खंजेरीवाल्या काकूंच्या पायावरून विंचू गेला. काकूंनी मांडी हलवली नाही. गजर केला, खंजेरी खाली ठेवली आणि मग शांतपणे चप्पल मागितली.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आईने मला टाळ दिला आणि मागच्या रांगेत बसवलं. लाल गोंड्याचा जोड होता. मला तो फार आवडायचा, पण माझ्या हातात काहीतरी खोट होती. सगळ्यांचे टाळ एकदम पडायचे आणि माझा त्यानंतर, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. मुद्दाम करत नव्हते. मला तिथेच पोकळी ऐकू यायची आणि हात तिथेच जायचा.

"तुया टाळ मांगून येते वं," आई म्हणायची. "काऊन, हात झोपला का तुया?"

तिने प्रयत्न कमी केले नाहीत. माझा हात धरून ठोका बसवला, ताटावर उलथण्याने बडवून दाखवलं, भाकऱ्या थापतानाही मोजून घेतलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भाकरीवर बरोबर पडणारा हात मंडपात गेला की पुन्हा मधे पडायचा.

मग देवळीला तालुक्याची भजनस्पर्धा आली. मंडळाने नव्या साड्या घेतल्या, शेवाळी रंगाच्या. टेम्पोत बसून आम्ही गेलो. पहिलं भजन निभावलं. दुसऱ्याच्या दुसऱ्या कडव्यात माझा टाळ मधे पडायला लागला आणि मंडपाला पत्र्याचं छत असल्यामुळे तो घणघणत सगळीकडे गेला. परीक्षकांपैकी एकाने मान वर करून पाहिलं. आई गाता गाता थांबली. उठली, रांगेतून मागे आली आणि माझ्या हातातून टाळ काढून घेतला. तेवढ्यात झील तुटली, ढोलक थांबलं, खंजेरी एकटीच दोन-चार ठोके चालली आणि तीही बंद झाली. भजन अर्ध्यावर राहिलं. आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा.

नंबर येण्याचा प्रश्नच नव्हता. घरी पोचल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुयामुळं भजन अर्धं राह्यलं." लाल गोंड्याचा जोड पिशवीत गेला, पिशवी कपाटावर गेली आणि पुढच्या गुरुवारपासून मी मंडळाला पाणी द्यायला लागले. शाळेत पोरी मला पाहिलं की "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणायच्या. मला नाचता येत होतं. ते सांगायची सोय नव्हती.

मला राग होता. अजूनही थोडा आहे. कार्टीचा ठोका चुकला तर चुकला, पण पत्र्याच्या मांडवात शेकडो लोकांसमोर हातातून टाळ काढून घ्यायचा? हा प्रश्न मी आईला कधी विचारला नाही, पण मनातल्या मनात इतक्या वेळा विचारला की तो गाण्यासारखा पाठ झाला.

बारावीनंतर वर्ध्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले. तिथेच नालवाडीत तीन मुलींत एक खोली होती. कॉलेज सुटल्यावर मी एका साऊंडवाल्याच्या दुकानात अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागले. मालक तळेगावचे होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. वराती, हळदी, मिरवणुका यांना ते स्पीकरचे बॉक्स पुरवायचे. ट्रकवर एकावर एक रचलेले, माणसाच्या उंचीचे बॉक्स. पोरगी सोल्डरिंग करते म्हणून आधी बघायला लोक यायचे, नंतर बॉक्स फाटला की मलाच शोधत यायचे.

एका दुपारी मी नुकताच जोडलेला बेसचा बॉक्स तपासत होते. दादांनी हार्ड डिस्कवरचं हाताला येईल ते गाणं लावलं. भाषा इंग्रजीसारखी, पण इंग्रजी नव्हे. खाली बेस जाडजूड, सावकाश चालला होता. आणि वर गिटार. गिटार त्या ठोक्यावर पडतच नव्हती. ती दोन ठोक्यांच्या मधे पडत होती, पुन्हा पुन्हा, अगदी बिनधास्त, जणू जगात दुसरी जागाच नाही.

माझ्या हातातली सोल्डरिंग गन टेबलाला टेकून धूर यायला लागला.

"हे काय वाजून राह्यलं, दादा?"

"मले काय मालूम? कोनाच्या तरी पेनड्राईव्हमधून आलं असंल. बंद करू का?"

"हात लावू नका त्याले," मी म्हटलं. मालकाशी असं बोलतात का? पण मी बोलले. ते गाणं मी त्या दुपारी अकरा वेळा लावलं आणि शेवटच्या दोन वेळा बॉक्सच्या मागे बसून रडले. समुद्रापलीकडे एक अख्खं बेट होतं, तिथले लोक माझ्या चुकीवर गाणी रचत होते, आणि त्यांच्या हातातून कोणी काही काढून घेत नव्हतं.

याला रेगे म्हणतात हे पुढे कळलं, आणि दादांनाही त्याची चटक लागली. आम्ही मोबाइलवर शोधून शोधून ऐकलं. तिथले लोकही ट्रकवर, मैदानात बॉक्सच्या भिंती उभ्या करतात, हे पाहून दादांची छाती फुगली. "मंजे आपलाच धंदा हाय ना बावा!" तिथे गाणं लावणाऱ्या माणसाला फार मान असतो. आणि गाणं लोकांना अगदीच आवडलं की ते पत्रे बडवतात, शिट्ट्या मारतात. मग तो माणूस गाणं मधेच तोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो. याला रिवाइंड म्हणतात. गाणं अर्ध्यावर तुटणं हाच त्या गाण्याचा मोठा सत्कार. मला आई आठवली. तिला हे सांगितलं असतं तर तिने त्या अख्ख्या बेटाला पाणी द्यायला बसवलं असतं.

मी लिहायला लागले ते वऱ्हाडीतच. दुसरी भाषा त्या ठोक्यावर बसेना. पहिलं गाणं एका हळदीत म्हटलं, दादांनी ठोका लावून दिला म्हणून. नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "बाई, हे गानं चालू हाय का बंद पडून राह्यलं?" पण पोट्टे नाचले. त्यांना कुठे पाय टाकायचा ते कळलं, आणि पायाला कळलं की मामाला विचारायची गरज राहत नाही. त्या गाण्याचं धृपद असं होतं:

येईन मांगून, पन येईनच मी
तुमी घ्या पुढचं, मधलं मले द्या

ते कोणीतरी मोबाइलवर उतरवलं. नागपूरच्या कॉलेजांनी बोलावलं, मग पुण्याने. पुण्यात एकाने मला सुचवलं की भाषा जरा स्वच्छ केली तर बरं होईल. मी म्हटलं, रोज आंघोळ करते ती. मग गोव्याला गेले, आणि एकदा परदेशातही, जिथे जूनमध्ये मी स्वेटर घालून गायले. तिथे त्या बेटावरचा एक म्हातारा बेसवादक होता. माझं गाणं झाल्यावर तो मंचामागे आला आणि त्याने विचारलं, "ठोक्याच्या मागे इतकं आरामात बसायला तुला कोणी शिकवलं?" आयुष्यात पहिल्यांदा कोणी तो प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "आईने. ओरडून ओरडून." तो हसला नाही. "मग तिला ऐकवलंस का?" असं त्याने विचारलं.

ऐकवलं नव्हतं. म्हणजे मी प्रयत्न केला होता. पण मोबाइल पुढे केला की आई म्हणायची, "आता चष्मा नाई." गाणं ऐकायला चष्मा कशाला लागतो, हे मला आजवर कळलेलं नाही. गावातल्या पोरांच्या मोबाइलवर माझं गाणं वाजायचं, पानठेल्यावर वाजायचं, फक्त आमच्या घरात वाजत नव्हतं. हजारो लोक माझ्यासमोर उड्या मारत होते आणि मला मात्र एकाच बाईने, एकदा तरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. हे कबूल करायला लाज वाटते. पण तेच खरं होतं.

मागच्या वर्षी गावाने बोलावलं. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सहाचा कार्यक्रम, आधी मंडळाची भजनं आणि नंतर गावची पोरगी. मी लगेच हो म्हटलं आणि मग धाडस करून गुरुवारी सभामंडपात गेले. खंजेरीवाल्या काकू आता सत्तरीच्या, पण मनगट तसंच. मी म्हटलं, काकू, माझ्या एका गाण्यात मंडळ झील धरेल का?

"मले काय विचारतं? म्होरकीले विचार," काकूंनी आईकडे बोट केलं.

आई पिशवीतले टाळ पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मंडळ येईन. मी आपली भजनं झाली का घरी जाईन."

एवढंही पुष्कळ होतं. बायकांनी एका दुपारी धृपद उचललं. मधला ठोका दादांच्या यंत्रातून येणार होता, त्यामुळे टाळाची गरज नव्हती. खरं म्हणजे टाळ मागायची माझी हिंमत नव्हती. काकूंनी फक्त एकच शंका काढली, "याचा गजर कोनता?" मी म्हटलं, गजर नसतो, दादा आवाज हळूहळू कमी करतात. "मंग संपलं हे समजते कसं?" काकू म्हणाल्या. मी हसले. रिवाइंडचं त्यांना सांगायला मी साफ विसरले. चूक माझीच.

त्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. आईने दोन भजनं म्हटली. आवाज थोडा उतरलाय, पण सूर जागचा हललेला नाही. गजर झाला. तिने टाळ पिशवीत भरले आणि ती मंचाच्या मागच्या पायरीवर चपला घालायला बसली. तेवढ्यात काकूंनी आपली पर्स तिच्या मांडीवर टाकली. "धर वं जराशी, मले अजून बसाचं हाय." आता दुसऱ्याची पर्स टाकून कोणी घरी जातं का? काकू पक्क्या आहेत.

दादांनी बेस सोडला. मी सुरू केलं. पहिल्या कडव्यालाच पुढची पोरं उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात मंडळाने झील अशी धरली की मागच्या खुर्च्याही उठल्या. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणी मांडवाचे पत्रे बडवत होतं. दादांना आणखी काय हवं? त्यांनी ऐटीत हात वर केला आणि गाणं तोडलं.

बेस गेला, की-बोर्ड गेला, सगळं यंत्र मुकं झालं.

आणि मंडळ थांबलंच नाही. धरलेलं सोडायचं कसं? गजर कुठे झाला होता? आठ बायका, एक ढोलक, एक खंजेरी, नजर समोर: "तुमी घ्या पुढचं, मधलं मले द्या." लोक गोंधळून गप्प झाले. दादा बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मी हाताने खूण केली, लावू नका.

मी बायकांबरोबर गायला लागले, पण गाणं लंगडत होतं. ढोलक आणि खंजेरी ठोक्यावर पडत होती, आणि मधला ठोका तर यंत्राबरोबर गेला होता. दोन ठोक्यांमधली ती रिकामी जागा मला लहानपणी ऐकू यायची तशी ऐकू येत होती, आणि माझ्या हातात माइक होता, टाळ नव्हता. अजून दोन ओळी, मग हे पडणार, असं वाटलं. याच गावात, याच बायकांसमोर, पुन्हा अर्ध्यावर.

तेवढ्यात मागून टाळ पडला. अगदी मधे.

पुन्हा पडला. पुन्हा मधे. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर थांबेल अशी भीती वाटली. धृपद पूर्ण झालं तेव्हा वळले. आई पायरीवर उभी होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा, पर्स खाली पडलेली. डोळे मिटलेले. लाल गोंडा हलत होता. एक ठोका चुकत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या चुकीची नेमकी जागा जगात सगळ्यांत आधी तिलाच कळली होती. तशी कळल्याशिवाय इतकी वर्षं ओरडता येत नाही.

टाळ वाजवत ती मंचावर चढली. पुढचं धृपद तिनेच टाकलं, म्होरकीच ती. आणि मी, जिच्या नावाने मैदान भरलं होतं ती, माझ्याच गाण्यात झील धरून मागे उभी राहिले. मैदान हातांनी मधला ठोका देत होतं: पोरं, म्हातारे, शाळेचे गुरुजी, सगळे. मी मोठे मंच पाहिले आहेत. असं मी कुठेही पाहिलेलं नाही. शेवटी आईने हात वर करून गजर केला, मैदानाने तिप्पट आवाजात उचलला, आणि गाणं संपलं. संपलं हे सगळ्यांना समजलं. पोरं "पुन्हा, पुन्हा" ओरडत होती आणि दादा हताश होऊन म्हणत होते, "आता कुठून लावू बाप्पा?"

काकूंना मी म्हटलं, तुम्ही थांबला का नाहीत? त्या चिडल्याच. "थांबा म्हनून कोन सांगतलं? गजर झालता का?"

गर्दी पांगल्यावर आई पायरीवर बसून दुसरी चप्पल शोधत होती. मी चप्पल शोधून तिच्या पायाजवळ ठेवली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी देवळीले तू मांगं होती. पन भजन म्या सोडलं. तू नाई." एवढं बोलायला तिला पंचवीस वर्षं लागली होती, आणि तिचा आवाज, दोन भजनं आणि एक रेगे गाऊनही न कापणारा, तेव्हा कापला.

तिने लाल गोंड्याचा जोड माझ्या हातात ठेवला आणि वरून माझी मूठ मिटली.

"गुरुवारी चार वाजता येजो," ती म्हणाली. "टाळ मांगून आला तं चालते. तू वेळेवर येजो."

मी साडेतीनलाच जाऊन बसले.